नऊ नोव्हेंबरपासून लागू

सरकारच्या मते माझा नवरा तीन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी आजारी पडला. आदल्या सोमवारी तो ठणठणीत होता. मंगळवारी सकाळी त्याने अर्जावर सही केली, खिडकीतल्या बाईने शिक्का मारला, आणि शिक्क्याचा ठोका पडताक्षणी त्याचे हात थरथरायला लागले. हे मी म्हणत नाही. मंजुरीच्या पत्राचा अर्थच तो होता. अपंगत्व मान्य. कारण सैन्यातल्या सेवेतलं. लागू दिनांक, अर्ज मिळाला तो दिनांक.

त्याआधीची आठ वर्षं एका ओळीत गिळून टाकली. ढेकरसुद्धा दिला नाही.

नवरा सुरुंग काढायचा. जमिनीवर पालथं पडायचं, सळईने तिरकं टोचत जायचं आणि मातीखाली काय लागतंय ते बोटांनी ओळखायचं. जोडीदारांनी त्याचं नावच सुरुंग ठेवलं होतं. त्यातले दोघे एका दुपारी त्याच्यापासून वीस पावलांवर गेले. गेले म्हणजे उचलायलासुद्धा फार काही राहिलं नाही. चार महिन्यांनी ह्याला घरी पाठवला. तोंडावर मी त्याला अहोजाहो करते, रागात असले की मनातल्या मनात तो. अकरा वर्षं मी रागातच आहे.

पहिला अर्ज आम्ही अकरा वर्षांपूर्वी केला होता, दोन एप्रिलला. तपासणीला बोलावलं. टेबलामागे सैन्यातूनच निवृत्त झालेला डॉक्टर, समोर पितळी पाटी, पाटीवर हुद्दा मोठा आणि नाव बारीक. मी दाराबाहेर होते. दार अर्धवट उघडं होतं. नवरा आत गेला, टाचा जुळवल्या, आणि विश्राममध्ये उभा राहिला. विश्राम म्हणजे पाय फाकलेले, हात पाठीमागे, एक पंजा दुसऱ्या पंजाने घट्ट धरलेला. म्हणजे जे दाखवायला आणलं होतं तेच नेमकं डॉक्टरला दिसणार नाही असं.

"काही तक्रार?" डॉक्टरने कागदावरून मान न उचलता विचारलं.

"तक्रार नाही, सर!"

झालं. मी दाराबाहेर कपाळावर हात मारला.

नंतर कळलं की हे सगळेच करतात. सैन्यात दर आठवड्याला तपासणी असते. साहेब रांगेपुढून चालत जातो, विचारतो, काही तक्रार? उत्तर एकच. बूट चोरीला गेलेला असो, टाचेत पू झालेला असो, उत्तर एकच. ज्याने एकदा खरं सांगितलं त्याची तुकडी महिनाभर वाट लावते. पंधरा वर्षं घासून घासून ते वाक्य त्यांच्या जिभेवर बसवलेलं असतं. मग तेच सरकार त्यांना टेबलासमोर उभं करतं, तोच प्रश्न विचारतं आणि उत्तर लिहून घेतं. अर्जदाराची तक्रार नाही. तपासणीत दोष आढळला नाही. अर्ज नामंजूर.

त्या वर्षी तो पार्सलच्या गोदामात लागला होता. ऑगस्टमध्ये तिथून काढलं. लोखंडी शटर धाडकन खाली आलं आणि हा खोक्यांच्या मागे जाऊन बसला, जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी उठेना. कारण लिहिलं, कामचुकारपणा. त्याच्या थोरल्या भावाचं टायरचं दुकान आहे. तिथे ठेवला. थोरले भावोजी गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "साहेबांना टायर उचलायला सांगू नका हो, हात थरथरतात. जेवताना बरे थांबतात!" गिऱ्हाइकं हसायची. पुढच्या वर्षी सासरे गेले. शेवटचं शुद्धीवर असताना म्हणाले, "धडधाकट पोरगा घरात बसला." आणि डोळे मिटले. ते वाक्य परत घ्यायला माणूसच उरला नाही.

म्हणून माझ्या नवऱ्याला तारीख पाहिजे होती. मंजुरी मिळाली तेव्हा सगळे म्हणाले, चला, सुटलात, आता गप्प बसा. तो पत्र घेऊन खिडकीत बसला आणि म्हणाला, "मला फरकाच्या पैशाचं काही नाही. त्या वर्षी मी आजारी होतो, आळशी नव्हतो, एवढं त्यांनी लिहून द्यावं." मग नेहमीचं वाक्य. "बाकी काही असो, तुझ्यावर कधी हात नाही उचलला."

हे वाक्य तो कुठेही म्हणायचा. माझ्या आईसमोर, शेजाऱ्यांसमोर, दाढी करताना आरशासमोर. खरी पदकं डब्यात होती. छातीवर लावलेलं हेच एक.

मी मान हलवायची आणि कामाला निघायची.

मी इस्पितळाच्या लाँड्रीत आहे. दिवसाला चारशे चादरी. चादरीची घडी दोघींनी घालायची असते, पण मी एकटी घालते. एक टोक हनुवटीखाली धरते आणि डाव्या हाताने ओढून घेते. उजवं मनगट पूर्ण वळत नाही. नवऱ्याला माझ्या हनुवटीची फार गंमत वाटायची. "आमच्या घरात तीन हात आहेत, दोन तिचे आणि एक हनुवटी," असं पोरीला सांगायचा.

अपील लिहून दिलं टायपिस्टकाकांनी. हे सैन्यातच कारकून होते. आता माजी सैनिकांच्या संघटनेच्या खोलीत बसतात, जिन्याखाली, जुनं टंकयंत्र आणि दोन खुर्च्या घेऊन. दोन बोटांनी टाइप करतात. "मी आयुष्यात एक गोळी झाडली नाही, वहिनी," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "पण माझ्या टायपिंगच्या चुकीने एक अख्खी तुकडी तीन दिवस भलत्याच गावात बसली होती. तेव्हा कागदाची ताकद मला सांगू नका."

त्यांनी नियम समजावला. पहिला अर्ज नाकारल्यापासून वर्षाच्या आत, कसल्याही चिठोऱ्यावर का होईना, "आम्हाला हे मान्य नाही" असं कळवलं असेल, तर पहिला अर्ज जिवंत राहतो. मग तारीख थेट दोन एप्रिल. नाही कळवलं तर मेला.

"कळवलं होतं का रे सुरुंग?"

"नाही, काका. साहेबांनी नाही म्हटल्यावर मी काय कळवणार?"

काकांनी तरीही सबंध फायलीची नक्कल मागवली. ती सुतळीने बांधून आली. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला. वहिनींनी एकटीने यावं. मी ॲप्रनवरच गेले.

काकांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला आणि चष्मा काढून पुसत बसले. पुसायला काही नव्हतं त्यावर.

"हे तुम्ही लिहिलंय?"

अक्षर लहान मुलासारखं, ओळी उतरत उतरत खाली गेलेल्या. वर आवक शिक्का. नऊ नोव्हेंबर, त्याच वर्षीचा. मी विसरले नव्हते. मला वाटलं होतं, ते विसरले.

"साहेब, तुम्ही सैनिकाला विचारलं तक्रार आहे का. सैनिक नाहीच म्हणणार. मला विचारा. मला आहे. काल सकाळी माझ्या हातून स्टीलच्या ताटांचा ढीग पडला. ह्यांनी मला जमिनीवर आपटलं आणि माझ्या अंगावर पालथे पडून राहिले. माझा हात खाली मुरगळला होता. मी ओरडत होते. ते म्हणत होते, हलू नकोस, हलू नकोस. अर्धा तास. मनगट दोन जागी मोडलं. पोरगी दारात उभी होती. नंतर ह्यांना काही आठवत नाही. बाथरूममध्ये घसरले असं मी सगळ्यांना सांगितलं आहे, ह्यांनाही. ते तसंच राहू द्या. पण ह्यांना औषध द्या, नाहीतर पुढच्या वेळी मान मोडेल. डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नये."

हाताला ओलं प्लास्टर असताना मी ते पत्र खिडकीवर नेऊन दिलं होतं. शिक्का मारताना पाहिला होता. मग महिनाभर टपालवाल्याची वाट पाहिली. मग प्लास्टर निघालं. मग काम. स्टीलची ताटं मी विकून टाकली आणि प्लास्टिकची आणली. नवऱ्याने विचारलं का, तर म्हटलं, हलकी असतात.

"किरकोळ पत्रव्यवहार," काका म्हणाले. "त्या पोटफायलीत ठेवलं होतं. अजून काय होतं त्यात सांगू? उपाहारगृहाच्या पडद्यांबद्दल एक पत्र. पडदे आणि तुमचं मनगट."

मी ॲप्रनला हात पुसले.

"वहिनी, याने तारीख बदलेल. दुसऱ्या कशाने नाही बदलणार."

"हे घालायचं नाही."

"याच्याशिवाय माझ्याकडे सुनावणीला नेण्यासारखा फक्त माझा टाय आहे."

"मग टाय न्या," मी म्हटलं. "काका, सुनावणीत हे मोठ्याने वाचतील. हा समोर बसलेला असेल. ह्या माणसाकडे एकच गोष्ट शिल्लक आहे, ती तुम्ही माझ्या हाताने काढून घ्यायला सांगताय."

"मी सांगत नाही. विचारतोय."

मी कागद उलटा ठेवला आणि निघून आले.

पुढच्या रविवारी काका आमच्याकडे आले, तालीम घ्यायला. त्यांचं म्हणणं असं की सुरुंग उभा राहिला की खोटं बोलतो. दुसऱ्या अर्जाच्या वेळी एका तरुण डॉक्टरबाईने त्याला खुर्चीत बसवून चहा दिला होता. बशीवर कप असा वाजायला लागला की बाईने स्टेथोस्कोप बाजूला ठेवला आणि लिहायलाच घेतलं. म्हणून सूत्र ठरलं : बसून बोलायचं. काकांनी स्वयंपाकघरात खुर्ची ठेवली, स्वतः ओट्याला टेकून अध्यक्ष झाले.

"काही त्रास होतो?"

नवऱ्याचे गुडघे आपोआप सरळ झाले. तो उभा.

"बस!"

बसला.

"काही त्रास?"

परत उभा. पोरगी दारात हसायला लागली. आता ती अठराची होईल. "बाबा, खुर्चीला स्प्रिंग आहे का?"

"तिसऱ्यांदा विचारतो. बसून. काही त्रास?"

नवरा खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरून बसला. मानेच्या शिरा ताणल्या. तोंड उघडलं, मिटलं. घाम फुटला. आणि मग अगदी हळू, "तसा... काही नाही, सर."

काकांनी चष्मा ओट्यावर टाकला. पोरगी हसायची थांबली. मी भांडं घासत होते, तेच भांडं परत घासलं. मला कळून चुकलं. हा माणूस मरेपर्यंत सांगणार नाही. ते वाक्य त्याच्या जिभेवरून खरवडून काढायला कुणाकडे हत्यार नाही. आणि ज्यांनी बसवलं ते विचारतायत, वर्षाच्या आत का नाही बोललात.

काकांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. "घाला ते पत्र," मी म्हटलं.

"त्याला आधी सांगाल ना?"

"सांगते."

सुनावणीला तीन आठवडे होते. नाही सांगितलं. मी लाँड्रीच्या मुकादमाच्या तोंडावर चादर फेकलेली बाई आहे, मी कुणाला भीत नाही. पण ह्याच्याशी बोलायला बसले की भलतंच काम काढून उठायची. एकदा सुरुवात केली. म्हटलं, "अहो, माझं हे मनगट..."

"दुखतंय?" तो लगेच उठला. "तेल चोळून देऊ? तू घसरलीस ना, त्याच आठवड्यात मी ती फरशी तारेच्या ब्रशने घासून काढली होती, आठवतं? म्हटलं, परत घसरायला नको ही बाई. दोन दिवस घासत होतो."

आठवत होतं. नखं फुटली होती त्याची. मी हात पुढे केला आणि तेल चोळून घेतलं.

सुनावणीची खोली लांबट होती. टेबलामागे तिघं. मध्ये अध्यक्षबाई, पांढरे केस, समोर पाण्याचा ग्लास झाकणासकट. एका बाजूला डॉक्टर. दुसऱ्या बाजूला एक किडकिडीत गृहस्थ, सारखा पेनाचं टोपण काढतोय आणि लावतोय. कार्यालयातर्फे आलेला अधिकारी तरुण होता, स्वच्छ दाढी केलेला. त्याने दोनच मिनिटं घेतली. वर्षभरात असहमती कळवलेली नाही, निर्णय अंतिम झाला, विषय संपला.

"कळवली आहे," काका म्हणाले, आणि कागद पुढे ठेवला.

अध्यक्षबाईंनी आधी मनात वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. "हे नोंदीसाठी वाचावं लागेल. चालेल तुम्हाला?"

माझा नवरा माझ्याकडे वळून पाहत होता, हे काय आहे म्हणून. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी "वाचा" म्हटलं. हे मी केलं. दुसऱ्या कुणाच्या माथी मारायचं नाही मला.

किडकिडीत गृहस्थाने वाचलं. कसलाही चढउतार नाही, बाजारातून आणायच्या सामानाची यादी वाचावी तसं. हलू नकोस, हलू नकोस. अर्धा तास. पोरगी दारात उभी होती. अक्षराला हसू नये.

खोलीत कुणी हसलं नाही.

मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. मला त्याचे हात दिसले. पाठीमागे नव्हते. टेबलावर उताणे ठेवले होते, जसे दुसऱ्या कुणाचे आणून ठेवावेत, आणि थरथरत होते. ग्लासावरचं झाकण किणकिणायला लागलं. डॉक्टरने पुढे वाकून पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं. अकरा वर्षं ज्यासाठी झगडलो ते समोर टेबलावर पडलं होतं, आणि मला ते चादरीखाली झाकून टाकावंसं वाटत होतं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "एकच प्रश्न. हे पत्र पत्नीने तुमच्या सांगण्यावरून लिहिलं का? तुमच्या वतीने, तुम्हाला माहीत असताना? नीट विचार करून उत्तर द्या. बरंच काही त्यावर आहे."

एवढं सांगितल्यावर कुणालाही कळलं असतं. काकांनी टेबलाखाली त्याच्या नडगीवर लाथ मारली, मला आवाज आला. "हो" म्हण. एक अक्षर. हो म्हटलं की दोन एप्रिल. गोदामाचा ऑगस्ट धुतला गेला, भावोजींचं तोंड बंद, सासऱ्यांचं वाक्य खोटं पडलं.

तो उठला नाही. बसूनच म्हणाला, "नाही."

"माहीत नव्हतं?"

"आज कळलं. आत्ता." मग, कुणी विचारलं नसताना, "तेव्हा कळलं असतं तर मी फाडलं असतं. तिने बरोबर ओळखलं."

काकांनी डोळे मिटले. तरुण अधिकारी त्याच्या कागदांत काहीतरी शोधायला लागला, पण तिथे काही नव्हतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, निर्णय टपालाने कळवू.

रस्त्यावर आल्यावर तो दहाएक पावलं चालला. मग थांबला. बाजूने ट्रक गेला, धडधडत, आणि तो दचकला नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तसं.

"पोरीने बघितलं होतं?"

"हो."

"आणि दहा वर्षं ती माझ्या शेजारी बसून जेवली." तो पुढे म्हणाला. "आणि मी सगळ्या गावाला सांगत फिरलो, हात नाही उचलला. तू शेजारी उभी राहून ऐकत होतीस."

"तुम्ही हात उचलला नव्हता," मी म्हटलं. "तुम्ही मला वाचवत होता."

"मनगट कुणी मोडलं?"



घरी येऊन त्याने पिशवीत दोन शर्ट भरले आणि संघटनेच्या खोलीत राहायला गेला. "घरात मी नको," एवढंच म्हणाला. काकांनी जिन्याखाली खाट टाकून दिली. सात आठवडे. पोरगी डबा पोचवायची आणि रिकामा घेऊन यायची. "जेवतात," ती सांगायची, "पण माझ्याकडे बघत नाहीत." एकदा डबा विसळता विसळता म्हणाली, "आई, तू त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतंस की कधीच सांगायला नको होतंस, मला अजून ठरवता येत नाही."

"ठरलं की मलाही सांग," मी म्हटलं. चिडूनच म्हटलं. पण तिला काय बोल लावायचा? सात वर्षांच्या पोरीला मी सांगितलं होतं, बाबांना यातलं काही म्हणायचं नाही. तक्रार नाही, सर. सैन्यात न जाता तिला मी ते शिकवलं होतं.

थोरले भावोजी आले. दारातच, चपला न काढता. "धाकटा जिन्याखाली झोपतो म्हणे? लोक विचारतात."

"झोपतो."

त्यांना काकांकडून सगळं कळलं होतं. इकडेतिकडे बघत म्हणाले, "आम्हाला आधी सांगितलं असतंत तर आम्ही काय खायला उठलो असतो?"

"तुम्ही विचारलं होतंत का, भावोजी? तुम्ही गिऱ्हाइकांना हसवण्यात गुंतला होता."

ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "बाबा जाताना जे बोलले... ते मीच त्यांच्या कानात भरलं होतं." आणि जिना उतरून गेले. मी थांबवलं नाही. त्यांचं ओझं त्यांनी उचलावं, टायर उचलायची सवय आहे.

निर्णय आला तो गुरुवार होता. लिफाफा घराच्या पत्त्यावर. मी न फोडता तसाच संघटनेच्या खोलीत नेला. अपील त्याचं, लिफाफा त्याने फोडायचा. तो काकांच्या यंत्राची फीत बदलत होता, बोटं काळी झालेली. मला बघून उभा राहिला.

लिफाफा काकांनीच फोडला, त्याच्या हाताला शाई होती म्हणून. त्यांनी आधी शेवटचं पान पाहिलं, टायपिस्ट लोक तसंच वाचतात.

"ऐक. सदर पत्र म्हणजे अर्जदाराची असहमती म्हणता येणार नाही, कारण अर्जदाराला ते माहीत नव्हतं, आणि तसं त्याने स्वतः सांगितलं आहे." काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "शहाणा! पुढे ऐक. परंतु आजारामुळे जो स्वतः मागू शकत नाही त्याच्या वतीने कुटुंबातल्या माणसाने केलेली मागणी हा नवा अर्जच होय. तो कार्यालयाने दहा वर्षं न बघता ठेवला. लागू दिनांक, नऊ नोव्हेंबर."

 वर जिन्यावरून कुणीतरी पाय आपटत गेलं.

नऊ नोव्हेंबर. म्हणजे आता दर वर्षी जो कागद येईल त्याच्या डोक्यावर ती तारीख. हयातीचा दाखला देताना ती तारीख. खिडकीतली बाई मोठ्याने विचारेल, कधीपासून? आणि आम्ही सांगू. ज्या दिवसाबद्दल आमच्या घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता, तो सरकारने छापून हातात दिला.

काकांनी घसा साफ केला. "सात महिने राहिले. एप्रिल ते नोव्हेंबर. गोदामाचा ऑगस्ट बाहेर राहतो. वर अजून एक पायरी आहे, लढता येईल. साठ दिवसांची मुदत."

"नको," नवरा म्हणाला.

"अरे, कामचुकार म्हणून काढलं होतं तुला. ते तसंच राहील."

"राहू दे. ऑगस्टमध्ये कामचुकार, नोव्हेंबरपासून आजारी." त्याने पान हातात घेतलं. काळ्या बोटाचा ठसा नेमका तारखेशेजारी उमटला.  "पण चूक आहे यात."

"कुठे?" काका घाईने वाकले.

"एका दिवसाची. आठ पाहिजे होती. नऊला ती पत्र द्यायला गेली. झालं आदल्या दिवशी." आणि माझ्याकडे बघून, "करू का अपील?"

त्या दिवसावर त्याने केलेला हा पहिला विनोद, आणि तो असला. काका खोकल्यासारखं हसले, मग त्यांना एकदम आठवलं की चहा सांगायचा राहिलाय, आणि ते बाहेर गेले. जाताना दार लोटून घेतलं.

आम्ही दोघंच. टंकयंत्र, खाट, खाटेवर त्याचे दोन शर्ट घडी घालून ठेवलेले, चौकोनी, सैन्यातल्यासारखे.

"दाखव," तो म्हणाला.

मी उजवा हात पुढे केला. त्याने धरला नाही. काळी बोटं पँटला पुसली, तरी धरला नाही. नुसता बघत राहिला, वळवून दाखव म्हणाला. मी वळवला, जिथवर वळतो तिथवर.

"दुखतं?"

"छे," मी म्हटलं. "जुनं झालं ते. काही त्रास नाही."

मी पिशवी पोटाशी धरून ताठ उभी होते. त्याने माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मी त्याच्याकडे डॉक्टरच्या दाराबाहेरून पाहिलं होतं तसं. मग काकांची खुर्ची ओढली आणि माझ्यामागे आणून ठेवली.

"उभी राहून सांगतेयस," तो म्हणाला. "बस."

मी बसले. तो समोरच्या खुर्चीत बसला, हात गुडघ्यांवर ठेवले, थरथरायचे ते थरथरू दिले.

"आता सांग. घाई नाही."

मला वाटलं होतं, ताटं पडली तिथून सुरू करावं लागेल. पण सुरू झाले ती बाथरूमच्या फरशीपासून. दोन दिवस तो ती घासत होता आणि मी दाराबाहेर प्लास्टर घातलेला हात घेऊन उभी होते, तिथपासून.